खेचरनानांचा हत्ती

खेचरनानांना पुराणातली कुठलीही गोष्ट सांगा, ती संपली की ते विचारत, "आनि जनावराचं पुढं काय झालं?" एकदा त्यांच्या गावात कीर्तन चाललं होतं. कर्णाच्या रथाचं चाक जमिनीत रुतलेलं आणि बुवांनी सूर असा लावलेला की बायका पदरानं डोळे टिपत होत्या. तेवढ्यात नाना उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "बुवा, चाक रुतलं तर आधी घोडी सोडायची आस्त्यात, मग चाकाला हात घालायचा. येवढ्या मोठ्या रथीला त्ये कसं कळलं न्हाई?" बुवांनी नानांकडे पाहिलं, पेटीवाल्याकडे पाहिलं आणि सरळ आरतीच सुरू केली. हा प्रसंग मला स्वतः नानांनीच सांगितला. त्यात आपलं काही चुकलं असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं. बुवांना उत्तर माहीत नव्हतं, एवढीच त्यांची तक्रार होती.

नाना पलूसजवळच्या एका गावचे. घरचा ऊस, घरातले दोघे-तिघे फौजेत, तसे नानाही अठराव्या वर्षी भरती झाले. बाकीच्यांना बंदूक मिळाली, नानांना खेचर मिळालं. डोंगरातल्या चौक्यांवर रॉकेल, पीठ, औषधं पोचवणाऱ्या तुकडीत त्यांची सतरा वर्षं गेली, आणि हवालदार होऊन ते घरी आले. गावाला फौजी म्हटलं की लढाईच्या गोष्टी लागतात. पारावर कुणी विचारलं, "नाना, किती दुश्मन मारलं?" की नाना म्हणायचे, "मारलं कुनाला न्हाई, पर सोळा खेचरं सांभाळली." मग हशा व्हायचा. हवालदार हा हुद्दा मागे पडला आणि खेचरनाना हे नाव चिकटलं. नानांनी ते एखादं पदक लावून घ्यावं तसं लावून घेतलं. चित्राच्या कोपऱ्यात सही करतानासुद्धा ते 'खेचरनाना' अशीच करत.

मी तेव्हा सांगलीत मामांच्या छापखान्यात काम करत होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, निवडणूक आली की हँडबिलं, एवढाच आमचा पसारा. माझं अक्षर बरं होतं, म्हणून पत्रिकांवरची नावं आणि जाहिरातींचे मथळे मी हातानं काढायचे. एका शनिवारी पन्नाशी उलटलेला एक उंच, काटक माणूस खाकी ताडपत्रीत गुंडाळलेलं बाड घेऊन दारात उभा राहिला आणि त्यानं मामांना विचारलं, "कॉमिक छापता का?" मामांनी उभ्या आयुष्यात कॉमिक छापलं नव्हतं, पण नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "छापतो की."

ताडपत्री उघडली आणि मी हातातलं काम ठेवून उठलेच. कुरुक्षेत्र होतं, पण ते गुडघ्याच्या उंचीवरून पाहिलेलं. सगळ्या चौकटींत खुरं, चाकं, दावणी, पाण्याच्या पखाली. माणसं अर्धी-मुर्धी दिसायची, आणि जी पूर्ण दिसायची ती सगळी एकमेकांची भावंडं वाटायची, कारण नानांना माणसाचा चेहरा एकच येत होता, तोही मिशीवाला. द्रौपदी पदर घेतलेली म्हणून ओळखायची. पण घोडे? एकेका घोड्याला स्वतःचं तोंड होतं. एक खट्याळ, एक रागीट, एक सारखा झोपेला आलेला. कृष्ण तर त्यांनी कुठेच समोरून काढला नव्हता. पाठमोरा, खाली वाकलेला, घोड्याच्या पायातला काटा काढताना. मी कारण विचारलं तर म्हणाले, "देवाचं तोंड काढायचं आपलं काम न्हाई. हात काढलं, बास झालं. काम हातानंच हुतंय."

त्या पहिल्या कॉमिकचं नाव होतं 'बदलीचा घोडा'. अर्जुनाच्या रथाला चार घोडे, हे सगळ्यांना माहीत आहे. नानांचं म्हणणं, कुठल्याही शहाण्या तुकडीत एक जनावर बदलीला ठेवलेलं असणारच. तर हा पाचवा घोडा अठरा दिवस साज-लगाम चढवून तयार उभा. रोज सकाळी त्याला वाटतं, आज आपला नंबर लागणार. रोज संध्याकाळी चौघे धुळीनं माखून येतात, त्याला लढाईच्या बाता सांगतात, आणि कृष्ण चौघांना खरारा करून झाला की जाता जाता याच्याही पाठीवर थाप मारून जातो. अठराव्या दिवशी युद्ध संपतं आणि याचा नंबर लागतच नाही. सगळे जिंकल्याचा शंख फुंकत असतात तेव्हा हा एकटा, लगाम सुटल्या तोंडानं, पहिल्यांदा पोटभर गवत खात असतो. बस्स, एवढीच गोष्ट. मामा ती वाचताना इतके हसले की त्यांचा चष्मा टेबलावर पडला. मग चष्मा पुसता पुसता ते म्हणाले, "अहो, हा तर मी. बँकेत चौदा वर्षं प्रमोशनसाठी असाच उभा होतो."

ही चित्रकथांची कल्पना नानांना रेल्वेत सुचली. सुटीवर येता-जाता तीन-तीन दिवसांचा प्रवास. डब्यात जवान हिंदी कॉमिकं वाचत आणि वाचून झालं की पुढच्याला देत. देवादिकांची ती रंगीत पुस्तकं नानांनीही पुष्कळ वाचली, आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट खुपत राहिली. "त्या चित्रकारांनी घोडं कवा जवळनं बघितलंच न्हाई," ते म्हणायचे. "मागचा पाय कुठं दुमडतोय त्ये बी म्हाईत न्हाई. आनि समदी गोष्ट रथात बसल्याल्याची. रथ वडतंय कोन, त्येची गोष्ट कुनी सांगायची?" मग त्यांनी रसदीच्या पावत्यांच्या पाठीवर खेचरांची चित्रं काढायला सुरुवात केली. गावी आल्यावर टाक आणि काळी शाई घेतली. शेतातली कामं उरकली की गोठ्यात, गुरांच्या सोबतीनं बसून ते चित्रं काढत.

नानांना शुद्धलेखन येत नव्हतं, म्हणून चित्रांतल्या फुग्यांमधली वाक्यं मी लिहायची असं ठरलं. नाना मला 'अक्षरताई' म्हणू लागले, आणि आमचं पहिलं भांडणही अक्षरावरूनच झालं. 'बदलीचा घोडा' मी शुद्ध मराठीत लिहून काढला होता. नानांनी ते ओठ हलवत वाचलं आणि म्हणाले, "ह्यो घोडा शाळामास्तर वाटतोय." मी म्हटलं, छापील पुस्तकात असंच लिहितात. ते म्हणाले, "आवं अक्षरताई, जो दावणीला राबतोय त्यो आमच्यावानी बोलंल, का तुमच्यावानी?" शेवटी तह झाला. राजे, ऋषी आणि सेनापती शुद्ध बोलतील, आणि घोडे, सारथी, पाणके, माहूत पलूसचं बोलतील. मला आधी ते पोरकट वाटलं होतं, पण छापून आल्यावर वाचताना कळलं की पुस्तकात जीव तिथूनच आला होता.

दर शनिवारी नाना एसटीनं येत. स्टँडबाहेर एक टांगा उभा असे. नाना आधी टांग्याच्या घोड्याला बिस्किटाचा अर्धा पुडा चारत, टांगेवाल्याला घोड्याच्या साजाबद्दल दोन शब्द सुनावत, आणि मग उरलेला अर्धा पुडा घेऊन आमच्याकडे चहाला येत. त्यांच्या घरून कधी काकवी, कधी हुरडा आमच्यासाठी यायचा. कधी कधी बरोबर नानीही असायच्या. बुटक्या, गोल, बोलायला नानांच्या दुप्पट. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं, "आमच्या लग्नात वरातीतनं उतरल्यावर ह्यांनी आधी घोडीला गूळ चारला, मग माझ्याकडं बघितलं." नाना शांतपणे म्हणाले, "ती चार मैल चालून आल्ती. तू बैलगाडीतनं आल्तीस."

'बदलीचा घोडा' आम्ही पाचशे छापला. पलूसच्या बाजारात, आष्ट्याच्या जत्रेत नाना स्वतः गोणपाट अंथरून बसत. मोठी माणसं आधी हसून पुढे जात आणि मग परत येऊन एक उचलून नेत. फौजेतून आलेले लोक विशेष करून घेत, कारण बदलीला उभं राहणं काय असतं ते त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पारावरची चेष्टाही हळूहळू बदलली. 'किती मारलं' ऐवजी 'पुढचं कवा येतंय' असं विचारायला लागले.

पुढचं म्हणजे हत्ती. द्रोणाचार्यांना शस्त्र खाली ठेवायला लावायचं म्हणून भीमानं अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि 'अश्वत्थामा मेला' अशी आरोळी ठोकली. द्रोणांच्या मुलाचं नावही अश्वत्थामाच. त्यांनी धर्मराजाला विचारलं, कारण तो खोटं बोलत नाही. धर्मराज म्हणाला, मेला खरा, आणि मग तोंडातल्या तोंडात पुटपुटला, माणूस की हत्ती, कोण जाणे. 'नरो वा कुंजरो वा' हे आपल्या बोलण्यातही रुळलंय. ही गोष्ट सांगताना सगळे द्रोणांबद्दल बोलतात, धर्मराजाच्या अर्ध्या खोट्याबद्दल बोलतात. नानांनी ती हत्तीच्या माहुताकडून सांगायची ठरवली. ज्याचं जनावर एका नावापायी मारलं गेलं, त्या माणसाकडून.

त्यांची एवढी सुंदर चित्रं मी त्याआधी पाहिली नव्हती. हत्ती पिल्लू असताना माहुताच्या झोपडीत डोकं घालून अडकतो, नदीत त्याच्यावर पाणी उडवतो, युद्धाच्या पहिल्या सकाळी घंटांचा आवाज ऐकून बिचकतो तेव्हा माहूत त्याच्या कानात काहीतरी बोलतो. धर्मराजाच्या तोंडचं वाक्य लिहायची वेळ आली तेव्हा मी सहज विचारलं, याला कसं बोलू द्यायचं? नाना म्हणाले, "त्यो शुद्धच बोलू दे. अर्धं खोटं लय शुद्ध बोलावं लागतंय."

तीस पानं पूर्ण झाली, दोन उरली. पण देवाधर्माचं काम, कुठे चूक नको, म्हणून मामांनी सुचवलं की वाईला त्यांच्या ओळखीचे एक शास्त्रीबुवा आहेत, त्यांना दाखवून घ्यावं. मग मी, नाना आणि नानी पहाटेच्या गाडीनं वाईला गेलो. घाटाजवळ त्यांचं घर. वय ऐंशीच्या पुढे, आवाज करडा. नाना फौजेतल्यासारखे ताठ बसून राहिले. शास्त्रीबुवांनी भिंग घेऊन एकेक पान वाचलं. तासभर कुणी बोललं नाही, नानीसुद्धा. हा एक विक्रमच म्हणायचा.

शेवटी ते म्हणाले, "ही कथा मी चाळीस वर्षं शिकवली. हत्तीवर माहूत असणार हे काही माझ्या डोक्यात आलं नाही." मग भिंग खाली ठेवून त्यांनी दोन चुका दाखवल्या. पहिली अशी, की हत्ती माळव्याच्या राजाचा. म्हणजे माहूत माळव्याचा हवा, हा तर कृष्णाकाठचं बोलतोय. नाना नम्रपणे म्हणाले, "मग माळव्याचं कसं बोलायचं त्ये सांगा, तसं लिवू." शास्त्रीबुवा म्हणाले, "मला येत नाही. राहू द्या." दुसरी चूक मोठी होती. नानांनी हत्ती कौरवांच्या सैन्यात दाखवला होता. शास्त्रीबुवा म्हणाले, "नाही. माळव्याचा राजा पांडवांच्या बाजूचा. भीमानं मारला तो आपल्याच सैन्यातला हत्ती."

नानांनी पुन्हा विचारून घेतलं, "आपल्याच?"

"आपल्याच."

परतीच्या गाडीत नाना खिडकीशी बसले. सातारा आलं, कराड आलं, नानींनी दशम्या सोडल्या, तरी ते खिडकीबाहेरच बघत होते. मला वाटलं, चौकटी बदलाव्या लागणार म्हणून खट्टू झाले असतील. पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. असे तीन महिने गेले. टांगेवाल्यानंही दोनदा चौकशी केली.

शेवटी मीच पलूसची गाडी धरली. नानी दारातच होत्या. त्यांनी ताकाचा तांब्या हातात दिला आणि गोठ्याकडे बोट केलं. "जावा तिकडं. चुकीची पानं समदी नव्यानं काढली, फकस्त शेवटचं न्हाई काढत. टाक घेऊन बसत्यात आनि तसंच उठत्यात."

नाना म्हशीला वैरण टाकत होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. पेंढीवर बसायला जागा करून दिली, स्वतः दावणीच्या कडेला टेकले आणि मी काही विचारायच्या आत सांगायला लागले. त्यांच्याकडे एक खेचर होतं, बिजली नावाची मादी. हातातून हरभरे खायची आणि संपले की कोपराला ढुशी द्यायची. वीस वर्षांपूर्वी, बर्फ पडायला लागलेलं असताना, वरच्या चौकीला रॉकेल न्यायचं होतं. वाटेत ती घसरली आणि पुढच्या पायाचं हाड मोडलं. अशा जनावराला पुन्हा उभं करता येत नाही. साहेबांनी हुकूम दिला, बोजा दुसऱ्यावर चढवा, हिला गोळी घाला, पुढे चला. यात साहेबांचं काही चुकलं नव्हतं. तेवढीच दया त्या जागी शक्य होती. नाना तिच्यापाशी एकटे मागे थांबले. त्यांनी बंदूक उचलली, तर बिजलीनं कोपराकडे तोंड केलं. तिला वाटलं, हरभरे काढतायत.

"मी हवेत बार काढला," नाना म्हणाले. "आनि फुडं जाऊन सायबाला सांगितलं, काम झालं."

मग दावणीतली वैरण सारखी करत ते म्हणाले, "मला तवा वाटलं, मी दया केली. मैलभर गेल्यावर कळलं, ती दया न्हवती, भ्या हुतं. ती तितं तशीच पडून ऱ्हायली आसंल, गारठ्यात, किती वेळ कुनाला ठावं. परत जायाला वाट न्हवती. धर्मराजाला समदी नावं ठेवत्यात. त्यो निदान पुटपुटला तरी."

वाईला शास्त्रीबुवांनी 'आपल्याच' म्हटल्यापासून त्यांच्या हातून ते पान होईना. माहुतानं शेवटी काय करायचं, हेच त्यांना कळत नव्हतं. मी एवढंच विचारलं, की तुम्हाला परत जायला वाट असती, तर काय केलं असतं? नानांनी बराच वेळ म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बसलो असतो तिच्यापाशी."

दुसऱ्या आठवड्यात ते पान टपालानं आलं. पूर्ण पानभर एकच चौकट. लांब मागे रथ, शंख, आरोळ्या, सगळं बारीक, मुंग्यांएवढं. पुढे आडवा पडलेला हत्ती आणि त्याच्या कानाशी मांडी घालून बसलेला माहूत. नानांनी पहिल्यांदाच एका माणसाला स्वतःचा चेहरा दिला होता. मिशी नव्हती. फुगा कोरा होता आणि चिठ्ठीत लिहिलं होतं, 'हितं काय लिवू नगा.' खाली आणखी एक ओळ होती. पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापायची. 'बिजली, नंबर एकशे बारा, हिला.'

पुस्तक निघालं. घोड्याइतकं ते हसवत नव्हतं, पण हातोहात गेलं. काहींनी नाकं मुरडली, देवाधर्माच्या गोष्टीत हत्तीचं कसलं कौतुक म्हणाले. वाईला शास्त्रीबुवांनी वीस प्रती मागवून घाटावरच्या फुलवाल्याकडे ठेवायला लावल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतः सांगून घ्यायला लावल्या. भाषेची चूक त्यांनी कुणाला सांगितली नाही, असं फुलवाल्यानं मला नंतर कळवलं.

पाच-सहा महिने झाले असतील. एका मंगळवारी छापखान्यात साताऱ्याकडचा एक माणूस आला. चाळिशी उलटलेली, पांढरा सदरा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत आमचं पुस्तक. पाठीमागच्या पत्त्यावरून शोधत आला होता. त्यानं पहिलं पान उघडून बिजलीच्या फौजी नंबरावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे कुणी लिहिलं, आणि ते जिवंत आहेत का? तो नानांच्याच तुकडीत होता म्हणाला. मामांनी मला त्याच्याबरोबर पलूसला पाठवलं. गाडीत त्यानं दोनदा पुस्तक उघडलं, शेवटचं पान बघितलं आणि मिटलं.

नाना उसाला पाणी देत होते. त्यांनी फावडं खाली ठेवून पाहुण्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "वळखलं न्हाई."

"कसं वळखनार हवालदारसाब," तो म्हणाला. "भरती हून मला तीनच म्हैनं झालं हुतं. रांगंत समद्यात मागं मी हुतो."

बांधावर बसून त्यानं सांगितलं. बर्फात रेंगाळलेली शेवटची दोन खेचरं घेऊन तो बराच मागून येत होता, हे नानांना ठाऊक नव्हतं. नाना वळणापलीकडे गेले होते. बिजली वाटेच्या कडेला पडलेली, जिवंत. बार त्यानं ऐकला होता, काय घडलं ते त्याच्या ध्यानात आलं. "मी तिला तशी न्हाई सोडली," तो म्हणाला. "तुमाला काय बोललो न्हाई. नवा हुतो, तुमी हवालदार. आनि सायबाला कळलं आसतं तर तुमच्यावर आलं आसतं."

पाटाचं पाणी सरीतून पुढच्या वाफ्यात चाललं होतं. ते वाफ्याबाहेर जायला लागलं तरी नाना उठले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "लगीच गेली का?"

"लगीच."

मग नाना उठले, पाटाचं तोंड फोडून पाणी वळवलं, आणि पाहुण्याला घरी घेऊन आले. नानींनी पिठलं-भाकरी केली. दोघं तीन तास बोलत बसले. एकेका खेचराचं नाव निघायचं, त्याच्या खोडी निघायच्या, कुठलं लाथ मारायचं, कुठलं साहेबाची टोपी खायचं. हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी आणि नानी ऐकत बसलो. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, नानींना सगळं आधीपासूनच पाठ होतं.

संध्याकाळच्या गाडीला आम्ही त्याला बसवलं. गाडी गेल्यावर नाना फाट्यावरच्या दगडावर बसले. मग म्हणाले, "डोंगरात बंदुकीचा आवाज लय लांब जातोय, अक्षरताई. दुसरा बार मला ऐकू आला न्हवता." वारा असेल, वळण असेल, असं काहीतरी म्हणावंसं वाटलं, पण म्हटलं नाही. नानांनी टोपी काढून गुडघ्यावर झटकली. "खरं आसंल. न्हाईतर मला बरं वाटावं म्हनून बोलला आसंल," ते म्हणाले. "पर त्येवढं सांगायला साताऱ्यासनं एसटीनं आला."

त्यानंतर नानांनी आणखी तीन कॉमिकं काढली. एक जटायूच्या घरट्यातल्या पिल्लांचं, एक यमाच्या रेड्याचं आणि एक गणपतीच्या उंदराचं. रेड्याचं सगळ्यात विनोदी. तिन्हींची अक्षरं मी काढली. नाना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मामांचा छापखानाही राहिला नाही. ती पाच पुस्तकं माझ्याकडे आहेत, आणि माझी नातवंडं ती वाचताना पलूसची भाषा ऐटीत बोलतात. पुण्यात त्यांना ती दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार?

माझं लग्न ठरलं तेव्हा मी पत्रिका द्यायला त्यांच्या गावी गेले होते. पाहुणा येऊन गेल्याला वर्ष होत आलं होतं. भर दुपार होती. नाना आतल्या खोलीत झोपलेले, आणि घोरण्याचा आवाज अंगणापर्यंत येत होता. नानी शेंगा फोडत बसल्या होत्या. नानांना उठवू नका म्हणाल्या. मग हळू आवाजात मला सांगितलं, की फौज सोडून घरी आल्यापासून कधी हा माणूस सलग झोपलेला त्यांनी पाहिला नव्हता. सारखं उठून गोठ्यात जायचं, जनावरं मोजायची, परत येऊन आढ्याकडे बघत पडायचं. साताऱ्याचा पाहुणा येऊन गेला आणि त्या रात्रीपासून झोपायला लागले.

"आता लय घोरत्यात बगा," नानी म्हणाल्या, आणि शेंगांची मूठ माझ्या ओंजळीत घातली. "माझी झोप ग्येली. त्या पावन्याला पत्र लिवून कळवा, म्हनावं येकदा येऊन ऐकून जा."